फाटकावरची राखण

आमच्या गावात शेवटचा पुरलेला माणूस चर्चच्या फाटकाशी राखणीला उभा राहतो. पुढची शवपेटी आत आली की त्याची सुटका. म्हणून इथं कुणी गेलं की आधी गेलेल्याच्या घरचे मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडतात.

त्या दुपारी नवे पाद्री आमच्या पबमध्ये आले. माझा नवरा रूबेन वरच्या खोलीत अंथरुणाला खिळलेला. बिअर हवी असली की काठीनं जमिनीच्या फळ्या ठोकायचा. तेव्हाही ठोकतच होता.

"हेस्टरबाई, चर्चच्या आवारात एकच जागा उरलीय," पाद्री म्हणाले. "ती मी तुमच्या रूबेनसाठी राखून ठेवलीय. त्यानंतर सगळे गिरणीपलीकडच्या नव्या दफनभूमीत. या फाटकातून पुन्हा शवपेटी यायची नाही."

गिऱ्हाइकांतला म्हातारा ईनॉक पेला खाली ठेवून भिंतीकडे बघायला लागला.

"दुसऱ्या कुणाला द्या," मी म्हटलं.

"अहो, मानाची जागा आहे!"

"एवढा मान आहे तर तुम्हीच झोपा तिथं!"

पाद्री हसले. त्यांना थट्टाच वाटली. पण वरची काठी थांबली होती.

मी धावत वर गेले. रूबेन खिडकीतून समोरचं चर्चचं फाटक बघत होता. ओठ पांढरेफटक.

"ऐकलंस?"

"सगळं." त्यानं माझं मनगट घट्ट धरलं. "पडदा ओढ, हेस्टर. आणि मी गेल्यावर कधीच उघडू नकोस. मी तिथंच असेन."