पावलावरची नाडी

या माउली, टाळ खाली ठेवा अन् अंमळ जवळ सरा. एका जळणाऱ्या माणसाची गोष्ट सांगतो. वाईट माणूस नव्हता हो तो.

त्र्याहत्तर साल. राहात्याच्या मंडपात राधाकृष्णबुवा ऑपरेशननंतर पहिल्यांदाच कीर्तनाला उभे राहिले होते. मी मागं टाळ धरून. मुंबईत त्यांच्या हृदयाची झडप दुरुस्त केली होती डॉक्टर श्रीमंतनं. बुवांनी उपरणं सावरत त्याला पुढं बोलावलं.

"ह्यांनी माझं काळीज हातात धरलं हुतं. हार घाला."

तिसऱ्या रांगेत डॉक्टर भिमाजी बसला होता. शेवगावचा, श्रीमंतचाच वर्गमित्र. श्रीमंत हृदय उघडायचा. तेवढा वेळ माणसाला जगवणाऱ्या यंत्राची नळी मांडीतून काढायची अन् तिथली धमनी शिवायची, हे दर वेळी भिमाजीकडं.

बुवांच्या बायकोनं, मालनबाईंनी, त्याला विचारलं, "तुमी वो काय केलं?"

"जांघेतली रक्ताची नळी शिवली."

"म्हंजी शिंपीकाम की."

भिमाजी हसला. आतून मात्र जळला, अन् त्या जळण्याचंच त्याला भय होतं.

ऑपरेशनच्या दिवशी तो धमनी शिवत होता. श्रीमंत आधीच बाहेर गेला अन् दारापलीकडं "देवमानूस, देवमानूस" सुरू झालं. शेवटचा टाका भिमाजीनं रागानं ओढला. चिमटे सोडले, रक्त कुठं झिरपलं नाही. पण पावलाची नाडी लागली ती क्षीण; टाका जास्त आवळला असला तर पायाला रक्त कमी पडणार. टाका उसवून पुन्हा घालावा, असं वाटूनही त्यानं घातला नाही. तो टाका दोन महिने त्याला बोचत होता. अन् आज बुवा सगळा भार उजव्या पायावर देत होते. शिवलेला पाय डावा.

कीर्तन संपलं, पाया पडायला रांग लागली. भिमाजी वाकला. बोटं डाव्या पावलावर ठेवली, ती तिथंच राहिली.

"ऊठ की," मागून श्रीमंत म्हणाला. "एवढा भाविक कधी झालास?"

बुवा ओशाळले. "टाच बघताय व्हय? नवी वहाण चावलीय."

भिमाजीच्या बोटांखाली नाडी मृदंगासारखी भरून वाजत होती. पुरं मिनिटभर मोजून तो उठला. जाता जाता श्रीमंतच्या हाराकडं पुन्हा एकदा बघितलंच त्यानं.

हे त्यानंच मला पुढं सांगितलं. आता तो नाही. माउली, कुणाच्या पाया पडाल तेव्हा बोटं जरा टेकू द्या, अन् भिमाजीची आठवण ठेवा.