इंचाला अकरा टाके

कोल्हापुरात आमच्या गल्लीत माणसाची पारख टाक्यावरून व्हायची. टाका जितका बारीक, तितका कारागीर मोठा. माझ्या वडिलांची चप्पल लोक पायात घालायच्या आधी उलटी करून बघायचे आणि टाके मोजायचे. मी त्यांच्या हाताखाली शिकलो, त्यामुळं गर्व मला वारशातच मिळाला. बाकी काही फारसं मिळालं नाही.

कतारला येऊन मला नऊ वर्षं झाली. उम्म सलाल मोहम्मदच्या शेतांमागं आमचं वर्कशॉप आहे. खोगीर, लगाम, खोगीर पोटाखालून आवळायचे तंगाचे पट्टे, घोड्याच्या अंगावर जे जे चामड्याचं चढतं ते सगळं आम्ही करतो. चामड्यावरचे कारागीर दोघंच, मी आणि कानपूरचा खलील. बाकीची माणसं घासायला, रंगवायला आणि पॅकिंगला.

खलील तीन पिढ्यांचा खोगीरवाला. त्याच्यापुढं मी नवखाच, पण हे मी कधी तोंडानं कबूल केलं नाही. आम्ही बरवा अल बराहाच्या कामगार वसाहतीत एकाच खोलीत राहायचो, त्यामुळं भांडायला दिवस पुरायचा नाही. मी त्याला म्हणायचो, "तेरा टाका बैलगाड़ी के माफिक चलता है." तो हसायचा आणि म्हणायचा, "तू जूता सीता है देवीदास, मैं सवार की जान सीता हूँ."

त्याचा नियम एकच होता. जाड पट्ट्याला इंचाला सहा टाके, सातवा नाही. शिवायचं मोठं मशीन आलं तेव्हा त्यानं टाक्याचा काटा सहावर आणून वर लाल पट्टी चिकटवली होती. एकदा मला त्यानं समजावलंही होतं. जितकी भोकं जास्त, तितकं चामडं कमी. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, हात चालत नाही म्हणून शास्त्र सांगतोय. नाचता येईना अंगण वाकडं.

गेल्या वर्षी हिवाळ्यात समैस्माच्या बाजूला एका कंपनीनं अमेरिकन पद्धतीचा रोडिओ भरवायचं ठरवलं. पळत्या वासराला घोड्यावरून दोर टाकायचा, दोर खोगिराला बांधलेला असतो, आणि वासरू अडकलं की घोडा जागच्या जागी थांबतो. तो सगळा हिसका तंगाच्या पट्ट्यावर येतो. वीस खोगिरांची ऑर्डर आमच्याकडं आली.

हे काम बघायला मॅडम होती, मृणालिनी. पुण्याची, तिशीच्या आतली, दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर. पहिल्याच दिवशी मला "काका" म्हणाली आणि मी विरघळलो. दिवसभर हिंदीत तोंड वाकडं करून घेतल्यावर कुणी मराठीत "चहा घेतला का?" विचारलं, की माणूस कशालाही हो म्हणतो.

जानेवारीत खलील पाच आठवडे सुट्टीवर गेला. जाण्याआधी त्यानं विसाच्या वीस पट्टे कापून, प्रत्येकाच्या घडीत आपला चार नंबर ठोकून ठेवला. आमच्यात पद्धत अशी की जो कापतो त्याचा नंबर, कारण चामड्याची निवड ही खरी जबाबदारी. शिवणं माझ्याकडं राहिलं.

मी पहिला पट्टा सहानं शिवला आणि मला तो आवडेना. पांढरा जाड धागा, लांब लांब टाके, गोणपाटाला घालतात तसे. मी लाल पट्टी काढली आणि काटा अकरावर आणला. पट्टा असा देखणा निघाला की मी स्वतःच दोनदा उलटसुलट करून बघितला.

मॅडम तो हातात घेऊन म्हणाली, "काका, सुपर्ब! हे तर ज्वेलरीसारखं दिसतंय. मी क्लायंटला फोटो पाठवू?"

"पाठवा की. कोल्हापूरचा हात हाय ह्यो."

क्लायंटला आवडलं. बाकीचे सगळे मी अकरानंच शिवले, पहिलाही उसवून परत शिवला. रबिया नावाची मोरोक्कोची घोडेस्वार खोगीर न्यायला आली होती, तिनं पट्ट्यावरून अंगठा फिरवला आणि "मा शा अल्लाह" म्हणाली. गल्फमध्ये दहा वर्षं काढल्यानं तिला कामापुरती हिंदी येत होती. मला म्हणाली, "मेरा वाला सबसे अच्छा देना." मी दिलाही.

खलील परत आला त्याच आठवड्यात सरावाच्या वेळी रबियाचा पट्टा तुटला. वासरू अडकलं, घोडा थांबला, आणि पट्टा टाक्यांच्या ओळीवर वहीचं पान फाटावं तसा सरळ फाटला. खोगीर फिरलं. ती घोड्याखाली गेली. कंबरेचं हाड तीन ठिकाणी मोडलं.

मॅडमनं मला तिच्या फोनवर फोटो दाखवला. बघताक्षणी मला कळलं. भोकाला भोक लागून फाटलं होतं.

ती मला म्हणाली, "काका, हे स्टिचिंगमुळं झालंय का? खरं सांगा."

"व्हय मॅडम."

ती खुर्चीत बसली. ओठ पांढरे पडले होते. "मी अप्रूव्ह केलं होतं. माझ्या मेलवर आहे सगळं." मग म्हणाली, "पट्ट्यावर नंबर खलीलचा आहे ना?"

मी काही बोललो नाही. त्या गप्प बसण्याला नाव द्यायचं तर हो असंच द्यावं लागेल.

दुपारी तिनं आम्हा दोघांना आत बोलावलं. मालकाचा माणूसही बसला होता. खलीलशी ती हिंदीत बोलली. पट्टा तुटला, नंबर चार, चामडं खराब निघालं असणार. मग माझ्याकडं वळून, अगदी कामाचं काही सांगावं तशा आवाजात, मराठीत म्हणाली, "काका, तुम्ही प्लीज काही बोलू नका. नाहीतर आपण दोघंही संपलो."

आपण दोघं. त्या खोलीत मराठी येणारी आम्ही दोघंच होतो, आणि खलील माझ्या तोंडाकडं बघत होता.

त्यानं मला विचारलं, "देवीदास, टाका कितने का लगाया था?"

तुटलेला पट्टा आयोजकांनी ठेवून घेतला होता, फोटो मॅडमनं त्याला दाखवला नव्हता. बाकीचे एकोणीस समैस्माला. त्यानं एकही शिवलेला पट्टा पाहिला नव्हता. "ग्यारह का", दोन शब्द बोलायचे होते मला, फक्त दोन.

"छह का," मी म्हणालो.

त्यानं शंका घेतली असती, आवाज चढवला असता, तर मी कदाचित मोडलो असतो. पण त्यानं मान हलवली. आपल्या दोन्ही हातांकडं बघितलं आणि म्हणाला, "फिर तो चमड़ा ही गया. पेट का कच्चा हिस्सा आ गया होगा. मैंने देखा नहीं." चूक कबूल केल्याचा कागद पुढं आला तेव्हा त्यानं न वाचता सही केली.

माझ्या शब्दावर त्यानं आपल्या डोळ्यांवरचा विश्वास सोडला. असा विश्वास माझ्यावर माझ्या सख्ख्या भावानंही कधी ठेवला नव्हता.

त्याला कामावरून थांबवलं, तिकीट पुढच्या शुक्रवारचं. मधल्या दिवसांत मी एकोणीस नवे पट्टे केले. चामडं तेच, त्यानंच निवडून ठेवलेलं, त्याच कातड्याचा उरलेला भाग. टाका सहाचा. समैस्माला जाऊन जुने काढले, नवे चढवले. त्या पट्ट्यांवर रोडिओचे सगळे खेळ झाले आणि एकाचाही टाका हलला नाही. जुने एकोणीस मॅडमनं मला संपवायला सांगितले. मी चामडं कापायची रापी घेतली आणि बोटभर तुकडे केले. पुरावा माझ्याच हातानं कापला, तोही सुबक.

मधेच एकदा मी हॉस्पिटलात गेलो. मला रबियाला सांगायचं होतं, निदान तिला तरी. ती पाठीवर झोपून होती, पायाला वजनं लावलेली. मला बघून म्हणाली, "तुम्हारा दोस्त आया था. बहुत रोया. माफी माँगा."

"फिर?"

"मैं बोली, खलास. गलती इंसान से होता है." तिनं डोळे मिटले. "तुम अच्छा आदमी है, तुम भी आया."

मी नेलेली खजुरं तिच्या टेबलावर ठेवली आणि निघून आलो. माझं तोंड तिथंही उघडलं नाही. भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझा राक्षस तर मीच होतो.

शुक्रवारी सकाळी खलील खोलीत सामान भरत होता. मी म्हणालो, "तेरी आरी और रापी इधर पड़ी है, वो बैग में डाल."

"किसी को दे दे. अब चमड़ा नहीं छूऊँगा. जिसको पेट और पीठ का फर्क नहीं दिखता, वो काहे का कारीगर."

मी पलंगावर बसलो होतो. खाली गाडी थांबली होती, ड्रायव्हर हॉर्न देत होता. मी "खलील" म्हणालो. तो थांबला. मी म्हणालो, "पहुँच के फोन करना." तो मला मिठी मारून गेला.

मॅडमचं कॉन्ट्रॅक्ट संपलं तशी ती दुबईला गेली. जाताना माझ्याकडं बघितलं नाही. मला तिचा राग नाही. ती घाबरली होती, मीही घाबरलो होतो, पण खोटं तिनं माझ्याकडून वदवलं नाही. "छह का" हे माझेच शब्द.

आठ महिने मी तसेच काढले. मशीनवर बसलो की काटा सहावर आहे का हे दहा दहा वेळा बघायचो. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी दुपारी कानपूरला फोन लावला. बैल गेला आणि झोपा केला, हे मलाही कळत होतं.

खलील खुश झाला. शाळेच्या गेटवर वॉचमन लागला होता. घरातली सगळी हत्यारं विकली म्हणाला. मुलगा हा धंदा शिकायचा म्हणत होता, त्यालाही त्यानं बंद केलं. "हमारे खून में नज़र ही नहीं रही," तो म्हणाला.

मी एका दमात सगळं सांगून टाकलं. लाल पट्टी, अकरा टाके, मॅडम, सही. "तेरा चमड़ा अच्छा था खलील. मैंने मारा उसको. उसी कातडे से मैंने नए पट्टे बनाए, एक भी नहीं टूटा."

पलीकडं गाड्यांचा आवाज येत होता. मला वाटलं तो शिव्या देईल. मी शिव्यांची वाट बघत होतो. देवाशपथ सांगतो, मला त्या हव्या होत्या.

"नए वाले तूने अच्छी जगह से काटे होंगे," तो हळू आवाजात म्हणाला.

"नहीं रे! टाके की वजह से. ग्यारह टाका!"

"ग्यारह?" तो हसला. "तू? मैंने तेरे को सामने बिठा के समझाया था. तू इतना कच्चा नहीं है."

"खलील, मेरी बेटी की कसम."

"कसम मत खा बेटी की." त्याचा आवाज भरून आला होता. "मेरा दिल रखने के लिए अपने सिर पे ले रहा है. इतना कोई सगा नहीं करता, देवीदास. मैं भूलूँगा नहीं."

मी परत सांगितलं. तिसऱ्यांदा ओरडून सांगितलं. खोलीतली बाकीची माणसं माझ्याकडं बघायला लागली. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मग फोन बायकोच्या हातात दिला, आणि ती मला दुवा देऊ लागली.