पुठ्ठ्याखालची बाटली

मित्रांनो, राणीसावरगावच्या एका घरात लोखंडी पलंगाखाली मी पडून असते. निळ्या रेक्झिनची, एका बाजूची चेन बिघडलेली एक जुनी खेळाची बॅग. मी मोठमोठ्या स्टेडियममध्ये गेले आहे, टीव्हीवरही दिसले आहे. पण ते आठवलं की अभिमान वाटत नाही. लाज वाटते.

माझा जन्म परभणीचा. स्टेशनजवळच्या एका गल्लीत अन्वरचाचांचं छोटं दुकान आहे. एके दिवशी भुजंग नावाचे मेंढपाळ गृहस्थ तिथे आले आणि म्हणाले, माझी लेक कबड्डी खेळती, तिला दणकट बॅग पाहिजे. चाचांनी त्यांना बसवून चहा पाजला आणि मन लावून मला शिवलं. दुहेरी शिलाई घातली, पट्ट्याला जाड बकल लावलं आणि तळाशी एक मजबूत पुठ्ठा टाकला. "बेटीला सांगा, ये बॅग को दस साल कुछ नहीं होता," असं ते म्हणाले. त्या वेळी मी फार आनंदात होते.

भुजंग यांची लेक म्हणजे शिवकन्या. बिथरून पळणारी मेंढी धावत जाऊन पकडायची लहानपणापासूनची सवय, त्यामुळे तिचे पाय विलक्षण चपळ होते. ती चढाईला गेली की समोरच्या मुलींना ती कुठल्या बाजूला वळेल ते कळायचंच नाही. तालुका झाला, जिल्हा झाला, राज्य झालं. मग मुलींच्या व्यावसायिक लीगमधल्या एका संघाने तिला निवडलं. निघताना तिची आई केवळाबाई हिने माझ्यात ज्वारीच्या धपाट्यांचा डबा ठेवला. सगळ्या गाडीभर मला धपाट्यांचा वास येत होता.

संघात तिला आपल्याच जिल्ह्यातली मैत्रीण मिळाली. चुडाव्याची राजेश्री. हॉटेलात दोघी एकाच खोलीत राहायच्या. राजेश्रीसुद्धा चढाई करायची, पण शिवकन्या मैदानात असली की ती बाकावर बसायची. तिने कधी तोंड वाकडं केलं नाही. शिवकन्या दमून बाहेर आली की पाण्याची बाटली घेऊन तीच पुढे व्हायची. तिच्याकडे ताकदीच्या पावडरीचा एक डबा होता. सगळ्या मुली घेतात तसलीच साधी पावडर. सकाळी स्वतःसाठी कालवली की ती शिवकन्यालाही पेलाभर द्यायची.

हंगाम संपत आला तेव्हा आमचा संघ पाचवा होता. प्लेऑफमध्ये चारच संघ जाणार होते. नेमका तेव्हाच शिवकन्याचा खांदा दुखावला. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. विश्रांती घेतली तर तिच्या जागी राजेश्री खेळणार, हे उघड होतं. शिवकन्या खोलीत एकटी असली की दुखरा हात वर करून बघायची आणि ओठ चावायची.

बजरंग सर हे आमचे सहायक प्रशिक्षक. एका दुपारी त्यांनी तिला आपल्या खोलीत बोलावलं. मी तिच्या खांद्यावरच होते. सरांच्या हातात इंजेक्शनच्या औषधाची काचेची छोटी बाटली होती. हे घेतलं की खांदाही भरेल आणि ताकदही येईल, असं ते म्हणाले. शिवकन्याने बाटलीवरचं नाव वाचलं. शिबिराच्या पहिल्याच दिवशी खेळाडूंना कोणती औषधं घ्यायची नाहीत ते सांगितलं होतं. हे नाव त्यातलंच होतं. तिला ते आठवलं. तिने त्या नावावर बोट ठेवलं.

"सर, हे चालतं का?" तिने विचारलं.

"प्लेऑफ पाहिजे का न्हाई?" सर म्हणाले.

तिने बाही वर केली.

रिकामी बाटली बाहेर कुठेतरी टाकून दे, असं सरांनी सांगितलं. पण हॉटेलच्या आवारात जिकडे तिकडे माणसं होती. तिला कुठे टाकण्याचा धीर झाला नाही. शेवटी तिने माझ्या तळाचा पुठ्ठा उचलला, खाली ती बाटली सारली आणि वर बूट ठेवले. मित्रांनो, त्या दिवसापासून मी अवघडले. केवढीशी ती बाटली, पण माझ्यातलं बाकी सगळं सामान मला हलकं वाटायला लागलं.

शेवटचा सामना आम्ही जिंकलो. शिवकन्याच्या चढायांनीच जिंकलो. सगळ्या मुली तिला उचलून नाचल्या, आणि त्यात सगळ्यात मोठ्याने ओरडत होती राजेश्री. संघ प्लेऑफमध्ये गेला. पण सामन्यानंतर काही खेळाडूंच्या लघवीचे नमुने घेतले होते, आणि उपांत्य सामन्याच्या तोंडावर त्यांचा निकाल आला. शिवकन्याच्या नमुन्यात बंदी असलेलं औषध सापडलं.

चौकशीला बसलेल्या माणसांनी तिला विचारलं, तू काय घेतलंस? मी तिच्या पायाशी होते. ती खरं सांगेल असं मला वाटलं. पण ती म्हणाली, "राजेश्री मला पावडर द्यायची. त्यातच काहीतरी असेल."

शिवकन्याबरोबर राजेश्रीलाही खेळण्यापासून थांबवलं. तिची पावडर तपासायला नेली, पण त्याचा अहवाल लगेच येणार नव्हता. दोघींशिवाय उतरलेला आमचा संघ उपांत्य सामन्यात हरला.

शिवकन्या गावी परतली तर वेशीत हलगी वाजत होती. आमच्या पोरीवर अन्याय झाला, असा फलक लागला होता. मिरवणुकीत केवळाबाई सगळ्यांच्या पुढे नाचत होती. एका पुढाऱ्याने भाषणात सांगितलं की चुडाव्याच्या पोरीने जळून पावडरीत विष कालवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. राजेश्रीचा फोटो घाणेरड्या शब्दांसकट मोबाइलवर फिरू लागला. शिवकन्या खाली मान घालून व्यासपीठावर बसली होती. लोकांना वाटलं, पोरगी दुःखात आहे. मी तिच्या खुर्चीशी होते आणि माझ्या पुठ्ठ्याखाली ती बाटली होती. एवढ्या माणसांसमोर मला जमिनीत जावंसं वाटलं.

काही दिवसांनी राजेश्रीची आई मनकर्णाबाई आली. आधी रेल्वेने आणि मग एसटीने, एकटीच. केवळाबाईने तिला आत बोलावलं, पण पाणी विचारलं नाही. मनकर्णाबाई दाराशीच बसली.

"मी भांडायला आले न्हाई," ती म्हणाली. "पावडर माझ्या लेकीनं दिली, ते खरं हाय. पण त्याच डब्यातली ती सोता बी खायची. आता पोरगी घराच्या भाईर निघंना झालीय. तुमच्या लेकीला एकदा इचारा, एवढंच म्हणायलेय मी."

शिवकन्या आतल्या खोलीतून हे ऐकत होती. केवळाबाई काही बोलायच्या आतच तिने मला पलंगाखालून ओढलं, बाहेर आणलं आणि दोघींसमोर उलटं केलं. पुठ्ठा पडला. बाटली फरशीवर घरंगळत जाऊन मनकर्णाबाईच्या पायाशी थांबली.

"पावडरीत काईच नव्हतं, मावशी," शिवकन्या म्हणाली. "हे व्हतं. मी घेतलं, बजरंग सरांनी दिलं. मला सगळं म्हाईत व्हतं."

मनकर्णाबाईने पदर डोळ्यांना लावला. केवळाबाई मात्र लेकीकडे बघत राहिली.

"मी गावापुढं नाचले गं," ती हळू आवाजात म्हणाली. "तवा बी तुला म्हाईत व्हतं?"

शिवकन्याने होकारार्थी मान हलवली.

"मंग इथं घरात सांगून भागत न्हाई. यांच्यासंगं चुडाव्याला चल. तिथं समद्यांपुढं सांग."

मला खांद्याला अडकवून शिवकन्या आणि त्या दोघी त्याच दिवशी निघाल्या. चुडाव्याला स्टेशनावरून घरापर्यंत चालताना लोक थांबून बघत होते. राजेश्रीच्या अंगणात शिवकन्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर सगळं सांगितलं आणि हात जोडले. राजेश्रीने ते हात धरले नाहीत. ती फक्त म्हणाली, "तुला पाणी मी द्यायचे, शिवकन्या. माझंच नाव कसं आलं तुझ्या तोंडात?"

शिवकन्याने जोडलेले हात खाली घेतले.

पुढे तिने चौकशीतही ती बाटली देऊन खरं सांगितलं. बजरंग सरांनी आधी नाकारलं, पण त्यांच्याकडे आणखी तसलंच औषध सापडलं आणि त्यांना काढून टाकलं. राजेश्री निर्दोष ठरली. तोवर हंगाम मात्र संपून गेला होता. शिवकन्यावर काही वर्षांची बंदी आली. गावातला फलक कुणीतरी गुपचूप उतरवला. सांगायची काय गरज होती, असंही काहीजण तिच्या तोंडावर म्हणाले.

पुढच्या वर्षी राजेश्री शिवकन्याच्या जागी खेळली. तिचा संघ प्लेऑफला जाता जाता राहिला. तो सामना शिवकन्याने मोबाइलवर पाहिला. हरल्यावर राजेश्री मॅटवर बसून रडली, मग उठली आणि समोरच्या प्रत्येक मुलीशी मान वर करून हात मिळवत गेली. शिवकन्या ते बघत होती. मोबाइल बंद झाल्यावरही ती तशीच बसून राहिली.

मित्रांनो, मला ऊन-पावसात टाकू नका, माझी चेन नीट लावा, असं मी तुम्हाला सांगू शकले असते. पण माझं मागणं वेगळं आहे. माझ्यात कुणी धपाटे ठेवले, कुणी बाटली ठेवली. मी दोन्ही मुकाट्याने वाहिलं. मला नाही म्हणता येत नव्हतं.

तुम्हाला येतं.