मुहूर्ताच्या दोन वेळा

डहाणूत लग्नपत्रिका दोन्ही बाजूंनी छापतात. एकीकडे मराठी, दुसरीकडे गुजराती. गणपती दोन्हीकडे तोच. त्याला दोन्ही भाषा येतात. लोकल इथपर्यंत आल्यापासून आपण मुंबईचं उपनगर झालो, असं गाव धरून चालतं. मुंबईने अजून तसं काही कळवलेलं नाही.

प्रविणभाईंचा छापखाना स्टेशनजवळ होता. तीस वर्षांच्या अनुभवातून त्यांनी एक युक्ती बसवली होती. मराठी बाजूवर मुहूर्त तासभर आधीचा छापायचा, गुजराती बाजूवर खरा. त्यांच्या मते मराठी वाचणारे उशिरा निघणार, गुजराती वाचणारे वेळेवर. म्हणजे अक्षता सगळे एकदमच टाकणार. ही युक्ती त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. थोर माणसं सांगत नाहीत.

आता लग्न त्यांच्याच मुलीचं, निलमचं होतं. मुलगा उधव्याचा, मिथुन. साखरपुड्याला प्रविणभाईंची वरोरची मंडळी चांगली तासभर उशिरा पोचली होती. मिथुनची सारी भावकी गुजरातेतल्या उंबरगावच्या कारखान्यांत पाळीवर जाणारी, भोंग्याआधी हजर होणारी. त्याच्या आईने, हिराबाईंनी, तिथेच व्याह्यांना सुनावलं, "वेवाई, लग्नात तुमच्या माणसांनी मुहूर्त चुकवला, तर वऱ्हाड घेऊन परत जाईन. मी बोलते ते करते."

निलमने बापाकडे नुसतं पाहिलं. ते त्यांना जास्त लागलं.

म्हणून पत्रिका त्यांनी स्वतः जुळवली. मराठी बाजू: दहा पस्तीस. गुजराती बाजू: अकरा पस्तीस.

लग्नाच्या दिवशी निलमला घेऊन ते साडेदहाला हॉलवर आले, तर कुलूप लावलेल्या दारासमोर शंभरेक माणसं आणि फेटा बांधलेला नवरदेव. पुढे हिराबाई, हातात पत्रिका.

"पाच मिनिटांवर मुहूर्त, आणि तुमचं एक माणूस नाही!"

"विहीणबाई, गुजराती बाजू नाही का वाचलीत?"

"वाचली की. मराठीही वाचली. दोन वेळा दिसल्यावर माणूस आधीचीच धरणार ना?"

इथे सगळ्यांनाच दोन्ही बाजू वाचता येतात, हा विचार प्रविणभाईंना तीस वर्षांत शिवला नव्हता. मशीनची चूक, असं ते म्हणणारच होते. पण मागे निलम उभी होती. त्यांनी युक्ती सांगून टाकली, सगळी, मान खाली घालून.

मिथुन हसला आणि आईकडे बघून थांबला.

"खरा मुहूर्त कुठला?" हिराबाईंनी विचारलं.

"अकरा पस्तीस."

"तोवर थांबते. छत्तीसला गाडीत."

कुलूप उघडलं. उधव्याच्या मंडळींना रिकामं बसवेना. त्यांनी खुर्च्या मांडल्या, तोरण नीट केलं, आचाऱ्याला दोन सूचनाही केल्या. प्रविणभाई बहिणीला फोन लावत होते. पुष्पा उचलत नव्हती. अकरा वाजून दहा मिनिटं झाली, रस्ता मोकळा.

सव्वाअकराला वरोरचे दोन टेम्पो वळले. पुष्पा उतरली ती पदर सावरतच.

"दादा, भूत पाहिल्यासारखं काय बघतोस?"

"तुम्ही वेळेआधी?"

"गुजराती बाजू बघून निघालो. तुझी मराठी वेळ खोटी असते, हे अख्ख्या डहाणूला ठाऊक आहे. तुझं मन राखायला कोणी बोलत नाही एवढंच."

"मग साखरपुड्याला उशीर कसा केलात?"

"तेव्हा तू फोनवर सांगितलंस. मागची बाजू बघायला पत्रिकाच नाही! मग आम्हीच अंदाजाने तास वाढवला. तू त्या दिवशी नेमकं खरं सांगशील, हे कोणाला सुचणार?"

हिराबाई ऐकत होत्या. त्यांच्या ओठाचा कोपरा हलला, मग खांदे, मग त्या खुर्चीचा आधार घेऊन डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"म्हणजे माणसं वेळेची आहेत," त्या पुष्पाचा हात धरून म्हणाल्या. "खोट एकट्या वेवाईत. तेवढी चालवून घेऊ."

आणि वरपक्षानेच दारात उभं राहून वधूपक्षाला गुलाबपाणी शिंपडलं. अंतरपाट धरला तेव्हा प्रविणभाईंच्या हातात कोणीतरी अक्षता दिल्या आणि बजावलं की फक्त टाकायच्या, वेळ कोणालाही सांगायची नाही. अंतरपाटाच्या अलीकडे निलम मान खाली घालून उभी होती. बाशिंग मात्र हसण्याने सारखं हलत होतं.