लिंबाच्या वासाची करंगळी

त्या रविवारी सकाळी माझ्या गोठ्यात जेवढी माणसं जमली, तेवढी माझ्या लग्नालाही आली नव्हती. गाई दावणीला, माणसं गव्हाणीवर, आणि मधोमध उलट्या बादलीवर पाण्याने भरलेलं पांढरं ताट. ताटासमोर मास्त्रो ओरोन्झो, डोळे मिटून. हा आमच्याकडचा नजर काढणारा, म्हणून मास्त्रो, म्हणजे उस्ताद. दक्षिणा म्हणून एका दोरीला बांधलेल्या दोन चीजची जोडी नेतो, आणि जोडीतलं मोठं कुठलं ते त्याला मिटल्या डोळ्यांनीही कळतं.

त्याला मीच बोलावलं होतं, खोटं कशाला सांगू. कारण होतं लोणी. आम्ही चीजचीच पिशवी करून तिच्यात लोण्याचा गोळा भरून टांगून ठेवतो. कापलं की आत घट्ट, पिवळंधमक लोणी दिसायला हवं. चाळीस वर्षं माझं लोणी सुरीशी झुंजत आलं. यंदा डिसेंबरात कापलं, तर मलमासारखं ओघळलं.

शेजारीण तेकला म्हणाली, "इंकोरोनाता, ही नजर आहे." आणि तिने माझ्या सुनेकडे बघितलं.

सून ओर्नेल्ला, उत्तरेकडची. राखाडी डोळ्यांची, गुरांच्या खाद्याचं शिकून आलेली. गाळप सुरू झाल्यापासून ती तेलाच्या घाण्यावरून ऑलिव्हचा चोथा आणून गाईंना घालत होती. म्हणायची, "आई, तिकडे तो टाकूनच देतात. बिया काढून, हवाबंद पिंपात ठेवून थोडा थोडा घातला तर चांगलं खाद्य आहे."

मी म्हणायचे, "माझ्या गाई उकिरड्यावर वाढलेल्या नाहीत." लोणी ओघळलं त्या दिवसापासून मी तिला गोठ्यात पाऊल टाकू दिलं नव्हतं.

ओरोन्झोने पाण्यावर तेलाचे थेंब सोडले. "आता एकेकाचं नाव घेतो," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "ज्याची नजर, त्याच्या नावाने तेल पळेल. माणूस खोटं बोलेल, वेळ पडली तर मीही बोलेन. तेल बोलणार नाही."

तेकलाचं नाव घेऊन त्याने पाण्याला बोट लावलं. तेल हललं नाही. माझा मुलगा कोसिमो, हललं नाही. माझं नाव घेतलं, तेव्हाही नाही. हललं असतं तर मी ओरोन्झोला हलवलं असतं.

मग तो हळूच म्हणाला, "ओर्नेल्ला." बोट टेकलं, आणि बाजारात बैल सुटल्यावर माणसं पळावीत तसे थेंब ताटाच्या कडेला पळाले. सगळ्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली.

"दिवस मावळायच्या आत हिने उंबरा ओलांडायचा," ओरोन्झो म्हणाला. "नाहीतर गाई आटतील."

कोसिमो आपले बूट बघत राहिला. चाळिशीचा घोडा, बायको घराबाहेर निघालीय आणि हा बूट बघतोय. गोठ्याच्या दाराबाहेर उभी असलेली ओर्नेल्ला घरात गेली. माळ्यावरून बॅग ओढल्याचा आवाज आला.

तेवढ्यात तेकला म्हणाली, "मास्त्रो, आमच्या ह्यांचंही जरा बघा की."

"पाणी थकलंय," ओरोन्झो म्हणाला. त्याने ताट उचललं, नळावर नेलं, खसाखसा घासलं आणि तीनदा धुतलं. "बाईमाणसाचा हात लागला की ताटातली शक्ती जाते."

इथे माझं डोकं ठिकाणावर आलं. चौऱ्याहत्तर वर्षांत या गावात ताट घासणारा पुरुष मी बघितला नव्हता. चमत्कार असेल तर हाच. मी जवळ गेले, तर त्याच्या हाताला लिंबाचा वास. झाडावरच्या लिंबाचा नाही, माझ्या मोरीतल्या हिरव्या बाटलीतल्या लिंबाचा. आणि मग आठवलं, आम्हा तिघांच्या वेळी त्याने तर्जनी लावली होती, ओर्नेल्लाच्या वेळी करंगळी.

"मास्त्रो, करंगळी दाखवा."

"कशाला?"

"आवडली म्हणून."

त्याने हात खिशात घातला. मी ताट हिसकावून घेतलं, सगळ्यांदेखत धुतलं, पाणी भरलं, तेल सोडलं. मोरीतली ती हिरवी बाटली आणून करंगळी भांड्यांच्या साबणात बुडवली आणि म्हटलं, "मास्त्रो ओरोन्झो." बोट टेकलं. तेल पळालं.

मग तेकला म्हणाली, "अगंबाई, म्हणजे नजर मास्त्रोंचीच."

झालं. गर्दी त्याच्यावर वळली, एकाने गवत उचलायचा काटाही हातात घेतला.

"थांबा रे शहाण्यांनो," मी म्हटलं. ताट पुन्हा धुतलं आणि साबणाची करंगळी टेकवत आमच्या मोरेत्ता गाईचं नाव घेतलं. तेल पळालं. पुन्हा धुतलं, गावच्या संताचं नाव घेतलं. तेल पळालं. मग ताट आणि हात दोन्ही स्वच्छ धुऊन ओर्नेल्लाचं नाव घेतलं. तेल ढिम्म.

"तेलाला नावं कळत नाहीत, साबण कळतो. साबण पडला की पाण्यावरचा तवंग बाजूला सरतो, रोज भांडी घासताना मी बघते. तुम्ही पुरुष आयुष्यात एकदा मोरीपाशी आला असतात, तर या माणसाला केव्हाच दुसरा धंदा शोधावा लागला असता."

ओरोन्झो मागच्या दाराने गेला. टोपी राहिली. चीजची जोडीही राहिली.

"पण मग लोणी?" तेकला काही सोडेना.

मी आत जाऊन ओर्नेल्लाला हाताला धरून बाहेर आणलं. "लोणी का मऊ झालं, सगळ्यांसमोर सांग."

"आई, महिनाभर मी तेच सांगत होते."

"महिनाभर मी ऐकत नव्हते. आता ऐकतेय."

"चोथ्यात थोडं तेल उरतंच. गाईने ते खाल्लं की तिच्या दुधातली चरबी मऊ होते, मग लोणीही मऊ. घट्ट हवं असेल तर लोण्याच्या गाईंना चोथा कमी घालायचा. बस."

बस. एवढ्यासाठी मी एक सून घालवायला निघाले होते.

बॅग मीच रिकामी केली. कपडे वेडेवाकडे ठेवले, तिने ते पुन्हा घड्या घालून ठेवले. माफीबिफी मला जमत नाही. जेवताना मी तेच मऊ लोणी पावाला लावून तिच्या पुढ्यात ठेवलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या लोण्याने पाव फाटला नाही.

मी तिसरीपर्यंत शिकलेली बाई, तुम्हाला काय शिकवणार. पण घरात काही बिघडलं तर आधी विचारा, काय बदललं? काय खाल्लं, काय घातलं, कुठे ठेवलं? कोणाची नजर लागली, हे विचारू नका. आणि तरीही कोणी नजर काढायला आलाच, तर त्याच्या ताटाकडे बघण्याआधी त्याचा हात हुंगा.