सरूचा हात

पेणजवळच्या जोहे गावातल्या एका घरच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखायचे ते सरूनेच. थोरली जाऊ जनी पितांबर रंगवायची, उंदीर रंगवायची, पण पेणचे व्यापारी मूर्ती उचलून आधी डोळे बघत आणि म्हणत, "सरूवहिनींचा हात!" उंदराकडे कोण बघतो?

जनीला त्या हाताचा हेवा वाटे. हल्ली मोबाईलवर कुणीही कुणाला 'हेवा वाटतो हं तुझा' म्हणतं आणि पुढे हसरं तोंड चिकटवतं. तो कसला हेवा, ते कौतुक! खरा हेवा तोंडातून बाहेर पडत नाही. सरूचं वाईट व्हावं असं जनीच्या कधी मनातही आलं नाही, देवाशपथ. तिला फक्त तो हात हवा होता. पण दुसऱ्याचा हात मागायचा तरी कसा?

यंदा आषाढात सरूचा उजवा हात थरथरायला लागला. रोह्याचे डॉक्टर म्हणाले, नसांचा आजार आहे, आता पूर्वीसारखं होणार नाही. सासू काशीबाईंचा भरवसा डॉक्टरपेक्षा मिरच्यांवर. "जने, तू थोरली. तूच काढ हिची दृष्ट."

जनीने मीठ, मोहऱ्या, मिरच्या मुठीत घेऊन सरूच्या हातावरून उतरवल्या. "आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची..." 'घरच्या'पाशी तिची जीभ अडखळली. मूठ निखाऱ्यांवर टाकली. मिरच्या जळून कोळसा झाल्या, पण कुणाला साधा ठसकाही लागला नाही. म्हणजे दृष्ट लागलीच होती, तीही जबर.

"कोनाची गो मेलीची?" काशीबाई कडाडल्या.

जनी खाली बघत निखारे खालीवर करू लागली. सरूच म्हणाली, "कोनाची नाय. मिरच्या सर्दावल्यात." आणि डाव्या हाताने तिने आपला बारीक ब्रश जनीपुढे धरला. "घे जाऊबाय, मूर्ती खोळंबल्यात."

जनीने डोळे आखले. इतकी वर्षं चोरून बघितलेला हात तो. रेघ हुबेहूब उतरली. व्यापारी मूर्ती घेऊन गेला, त्याला फरक कळलाही नाही.

उंबऱ्यात बसलेली सरू मनापासून हसली. "बरा झाला. माझा हात तुलाच गेला. घराबाहेर नाय गेला."

त्यात टोमणा नव्हता. असता तर जनीला भांडता तरी आलं असतं. ती ढसाढसा रडत सरूजवळ बसली, तिचा थरथरता हात तिने दोन्ही हातांत धरला. थांबावा म्हणून घट्ट दाबला, पण तो थांबला नाही.