डोईवरची मोटर

मला बघायला आले तेव्हा आमच्या अंगदरावांनी पोहे संपायच्या आत होकार दिला होता. होडीची मोटर पसंत करायला मात्र त्यांना सबंध हिवाळा लागला. शेंद्र्याच्या कंपनीतून रविवारी घरी आले, की जेवण होताच बाजेवर आडवे व्हायचे आणि मोबाइलवर मोटरींचे व्हिडिओ लावायचे. कुठल्याशा निळ्या तळ्यात कुठल्याशा गोऱ्या माणसाची होडी सुळकन पळायची आणि हे इथं बाजेवर पाय हलवायचे. माझी एवढी चौकशी केली असतीत तर हे लग्नच झालं नसतं, असं मी एकदा ऐकवलं. त्यांनी मान डोलावली. ऐकलं काहीच नव्हतं.

मोटर हवी होती ती माझ्या सासूबाईंसाठी. त्यांचं नाव पुतळाबाई, मी त्यांना आत्या म्हणते. आमचं गाव गंगापूर तालुक्यात, अगदी धरणाच्या पाण्याला लागून. आत्यांची धाकटी बहीण आवडाबाई त्या पाण्याच्या पल्याड राहते. आमच्या अंगणात उभं राहिलं की तिच्या घरावरचा निळा पत्रा दिसतो. पण रस्त्यानं जायचं म्हटलं तर आधी जीपनं गंगापूर, तिथून एसटीनं कायगावच्या पुलावरून पलीकडं, मग पुन्हा जीप. सकाळी निघालेलं माणूस दुपार टळल्यावर पोचतं, आणि पोचताच परतीच्या गाडीची चिंता सुरू होते.

आत्यांनी यावर फार वर्षांपूर्वीच तोड काढली होती. मासे धरणारा कडुबा म्हातारा झाला तेव्हा त्याला दोन शेळ्या देऊन त्यांनी त्याची पत्र्याची होडी घेतली आणि वल्हं मारायला त्याच्याकडूनच शिकून घेतलं. धनगराच्या घरी होडी आली म्हणून गाव हसलं. माझे सासरे केरबामामा तर आजवर त्या होडीत बसलेले नाहीत. माझी मेंढी पाण्यात जात नाही, मग मी कशाला जाऊ, असं त्यांचं म्हणणं. आत्या मात्र दर आठवड्याला बाजार उरकला की बहिणीकडं जायच्या, संध्याकाळी गाणं गुणगुणत परत यायच्या. दुसऱ्या दिवशी मला कामं सांगताना त्यांचा आवाज मऊ असायचा, हा माझा फायदा.

दिवाळीनंतर त्यांचा उजवा खांदा धरला. गंगापूरच्या डॉक्टरांनी वल्हं बंद म्हणून सांगितलं. होडी काठावर पालथी पडली आणि आत्या घरात. तेव्हापासून दर रविवारी एकच बोलणं व्हायचं. आवडीकडं कधी नेतोस, असं आत्या विचारायच्या आणि अंगदराव म्हणायचे, "बघू."

माणूस वाईट नाही. आठवडाभर पाळ्या करून येतात, रविवारी डोळे उघडत नाहीत. एखाद्या रविवारी वारा असायचा, एखाद्या रविवारी कुणाचं तरी लग्न. पण त्या 'बघू'चा मला राग यायला लागला. संक्रांतीच्या सुमाराला आवडाबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा आत्या फोनवर नुसतं पट्टी सोडली का, औषध घातलं का विचारत राहिल्या. फोन ठेवला की अंगणात जाऊन निळ्या पत्र्याकडं बघत उभ्या राहायच्या. मला ते बघवत नव्हतं. मला राग आला की मी तो भांड्यांवर काढते, आणि त्या आठवड्यात आमच्या घरातली भांडी फार वाजली. रविवारी अंगदरावांनाही ती ऐकू गेली. मग त्यांनी सुट्टी टाकली आणि मला नि आत्यांना घेऊन शहरात निघाले.

दुकान जालना रोडला, बॅटऱ्यांचं आणि सोलरचं. शेततळ्यांवर होड्या ठेवणारे लोक मागायला लागले म्हणून मालकानं विजेवर चालणाऱ्या मोटरीही आणून ठेवल्या होत्या. मालक चिन्मय नावाचा तरणा पोरगा, बोलायला गोड. त्यानं आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं आणि मग तो नि अंगदराव उभ्या उभ्या जे बोलायला लागले ते थांबेनात. आत्या मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. त्यांच्याकडं कुणी वळून बघितलं नाही.

मोटरी दोन होत्या. एक दांडगी, बॅटरी तिच्याच पोटात, वर आकडे दाखवणारी काच. दुसरी बारकी, एक दांडा आणि खाली पंखा. तिची बॅटरी वेगळ्या डब्यात, मधे वायर. अंगदरावांचा जीव पहिलीवर जडला होता. तिच्या वेगाचं, ताकदीचं वर्णन त्यांनी आम्हाला असं ऐकवलं, की मला माझ्या लग्नातली त्यांच्या मामांची भाषणं आठवली. शेवटी ते आत्यांकडं वळले आणि प्रेमानं म्हणाले, "माय, तू फकस्त मधी बसायचं. हालायचं नाय. बाकी समदं मी बघतो."

तेवढ्यात घरून केरबामामांचा फोन आला. मोटरीचा करंट पाण्यात उतरला तर काठावर पाणी पिणाऱ्या मेंढ्यांचं काय, हे त्यांना विचारायचं होतं. चिन्मयनं त्यांना समजावून सांगितलं. मामांनी बरं म्हटलं आणि थोड्या वेळानं पुन्हा फोन करून माशांचं विचारलं.

मामांचं समाधान होईपर्यंत आत्या उठून दोन्ही मोटरींभोवती फिरून आल्या होत्या. त्यांनी चिन्मयला विचारलं, काम झाल्यावर ही होडीलाच ठेवायची का. तो म्हणाला, नको मावशी, काठावर ठेवलीत तर चोरीला जाईल, शिवाय बॅटरी घरी आणून चार्ज करायचीच आहे. दर वेळी सोडवायची आणि दर वेळी न्यायची.

"मग उचलणार कोण?" आत्या म्हणाल्या.

अंगदराव लगेच म्हणाले, मी आहे की. आत्यांनी त्यांच्याकडं नुसतं पाहिलं. अंगदराव सहा दिवस शेंद्र्याला असतात, हे त्या दुकानात आम्हा तिघांना माहीत होतं. उन्हाळ्यात पाणी मागं सरकतं, तेव्हा घरापासून काठापर्यंत केवढा चिखल तुडवावा लागतो, हेही माहीत होतं. मग अंगदराव हळूच म्हणाले, रविवारी तर असतोच ना मी.

आत्यांनी पिशवीतून टॉवेल काढला, पीळ देऊन त्याची चुंबळ केली आणि डोक्यावर ठेवली. मला म्हणाल्या, "शालू, उचलू लाग."

मी उठले. चिन्मय आधी हसला, मग आत्या गंमत करत नाहीत हे बघून धावत आला. दांडगी मोटर आम्ही दोघांनी मिळून त्यांच्या डोक्यावर दिली. आत्या दारापर्यंत गेल्या, तिथंच थांबल्या, वळल्या आणि मानेच्या शिरा ताणलेल्या तशाच आम्हाला खूण केली, की घ्या खाली. मग बारकी मोटर मी एकटीनं उचलून दिली. ती घेऊन आत्या दाराबाहेर पडल्या. पायऱ्या उतरल्या, लावलेल्या स्कूटरींमधून वाट काढत पार पानाच्या टपरीपर्यंत गेल्या. आम्ही तिघं मागं. डोक्यावरून पंख्याची पाती बाहेर आलेली, हात सोडलेले, चाल अगदी बाजाराला निघाल्यासारखी. एका रिक्षावाल्यानं मान बाहेर काढून विचारलं, "क्या अम्मा, पंखा ले जा रे क्या?"

"पंखाच हाय, पाण्यातला," आत्या म्हणाल्या आणि वळून परत आल्या.

अंगदराव कानकोंडे झाले होते. चारचौघांत आईनं असं करायचं म्हणजे काय, हे त्यांच्या चेहऱ्यावर होतं. पण त्यांनी धरला तो खांद्याचा मुद्दा. डॉक्टर काय म्हणाले, ओझं उचलायचं नाही म्हणाले ना.

"खांदा धरलाय माझा," आत्या म्हणाल्या. "डोकं ठीक हाय."

मला हसू आवरेना. चिन्मयनं तोंड फिरवून बॅटरीच्या डब्यावरची धूळ पुसायला घेतली. मग अंगदरावांनी ताकदीचं काढलं. ही बारकी हळू जाते, वाऱ्यात टिकणार नाही. चिन्मयनं ते मान्य केलं, जोराचा वारा असेल तर हिला घेऊन जाऊ नका म्हणाला. आत्यांनी सांगितलं, की वारा असला तर त्या वल्ह्यानंही जात नव्हत्या, आणि बहीण काही कुठं पळून चालली नाही.

आता मात्र अंगदरावांचा चेहरा पडला. सबंध हिवाळा त्यांनी त्या दांडग्या मोटरीवर काढला होता. एरवी मी चिडवलं असतं, पण मला त्यांची कीव आली. ते अगदी लहान आवाजात म्हणाले, "तुला कष्ट नको, एवढंच वाटतं मला."

आत्यांनी डावा हात त्यांच्या पाठीवर ठेवला. "ठाव हाय मला. कष्ट नको म्हणून तू मला बसवून ठेवलंस. दिवाळीपासून बसलेच हाय. खांद्यापरीस बसूनच लई दुखलं बघ." मग त्यांनी दोन्ही मोटरींकडं बोट केलं. "ती तुझी मोटर मला न्यायची. ही मी नेणार."

अंगदराव त्या दांडग्या मोटरीच्या काचेवरून अंगठा फिरवत राहिले. मग चिन्मयला म्हणाले, बारकी द्या. पण बॅटरीचा डबा उचलून बघितला तर तो मोटरीपेक्षा जड. अंगदरावांचे डोळे पुन्हा चमकले. हा कोण नेणार, त्यांनी विचारलं.

"ती शालू घेईल," आत्या म्हणाल्या.

मला कुणी विचारलं नाही. आत्यांनीसुद्धा नाही. माझं माहेर शेंद्र्याचं. लहानपणी मी सगळ्यात जास्त पाणी बघितलं ते टँकरमधलं. लग्न होऊन आले तरी मी काठावर गुडघ्यापुढं कधी गेले नव्हते. हे सगळं मी तिथंच सांगणार होते, पण आत्यांनी माझ्याकडं ज्या खात्रीनं पाहिलं, त्यापुढं माझी जीभ रेटली नाही. मी एवढंच म्हणाले, की मला पाण्यात तरंगवणारी जाकिटं हवीत, दोन. चिन्मय म्हणाला, तो ती घेतल्याशिवाय मोटर देतच नाही.

पुढच्या रविवारी सकाळी आमची वरात काठावर निघाली. पुढं डोक्यावर मोटर घेतलेल्या आत्या, मागं बॅटरी घेतलेली मी, आणि सगळ्यात मागं आवडाबाईंसाठी केलेल्या पुरणपोळ्यांचा डबा घेतलेले अंगदराव. मामा आधीच पोचले होते. त्यांनी सगळ्या मेंढ्या पाण्यापासून लांब हाकलून ठेवल्या होत्या आणि स्वतः त्यांच्याही मागं उभे होते.

अंगदरावांनी होडी सरळ केली, मागच्या फळीला मोटर घट्ट बसवली, वायर जोडली. मूठ कशी पिळायची ते आत्यांना सांगितलं आणि एकदा सांगून त्यांचं भागलं नाही. वल्ही आठवणीनं आत ठेवली, पोळ्यांचा डबाही ठेवला. आत्या डाव्या हातानं मूठ धरून मागं बसल्या. मी मधे बसले, दोन्ही कडा घट्ट धरून, आणि हलले नाही. मग अंगदरावांनी पँट दुमडली आणि एक पाय होडीत टाकला.

"तू कुठं?" आत्यांनी विचारलं.

ते म्हणाले, पहिलीच खेप आहे, सोबत येतो. आत्या म्हणाल्या, घरी भाकरी टोपल्यात आहेत, बापाला वाढ आणि तूही खा. अंगदरावांनी माझ्याकडं पाहिलं. मी पुरणपोळ्यांच्या डब्याकडं पाहिलं. त्यांनी पाय काढून घेतला आणि होडीला ढकललं.

आवाज काहीच झाला नाही. काठावरून मामा ओरडून विचारत होते, चालू झाली का नाही, आणि तोवर आम्ही बाभळीच्या खुंटापुढं गेलो होतो. होडीच्या कडा मी सोडल्या नव्हत्या, तरी मी हसत होते. आत्यांच्या पदरात वारा भरला होता. अंगात जाकीट, तोंडात गाणं, नजर सरळ त्या निळ्या पत्र्यावर. दिवाळीपासून त्यांचा असा चेहरा मी पाहिला नव्हता, आणि मला फार बरं वाटलं.

मागं पाणी खळबळलं म्हणून मी मान वळवली. अंगदराव गुडघाभर पाण्यात चालत आले होते. दोन्ही हात तोंडाशी धरून त्यांनी हाक मारली, "माय, परत कधी येशील?"

आत्यांनी मागं पाहिलं नाही. मूठ जराशी पिळली आणि म्हणाल्या, "बघू."